पीएस२ फॅटमध्ये हार्ड डिस्क बसवली, मशीन ओळखत नाही. जळगाव-धुळ्याकडे कोणी केलंय का?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. घरी प्लेस्टेशन २ आहे, जुनं मोठं डबडं. मागच्या लेबलवर एससीपीएच-५०००४ लिहिलंय. काकांनी दुबईहून आणलं होतं, चिप तेव्हाच मारून घेतलेली. मशीन तसं ठणठणीत आहे, फक्त लेन्स गेलीय. निळ्या बुडाच्या सीडी तर ती घेतच नाही, चंदेरी डीव्हीडी मूड असला तर घेते. बाजारात मिळणारी लेन्स टाकून बघितली, पहिल्यासारखी गंमत नाही. गेम अर्धा लोड होतो आणि काळा पडदा. म्हणून म्हटलं सीडीचा नादच सोडू, आतमध्ये हार्ड डिस्क टाकू.

सामान असं जमवलं. मागच्या खोबणीत बसतो तो साटावाला (लॅपटॉपच्या डिस्कला लागतो त्या जोडणीचा) अडॅप्टर ऑनलाइन मागवला. कंपनीचा नाही, नकली आहे, त्याला लॅनचं भोक नाही. बंद पडलेल्या लॅपटॉपमधली ५०० जीबीची अडीच इंची डिस्क होती, ती वापरली. मेमरी कार्डावर फ्री एमसीबूट (कार्डावरून बाहेरचे प्रोग्रॅम उठवणारं सॉफ्टवेअर) टाकून हवं होतं, पण आमच्या मशीनची लेन्सच नाही तर इन्स्टॉलरची सीडी चालवणार कशावर? म्हणून चोपड्याच्या मित्राच्या मशीनवर कार्ड करून आणलं. ते मात्र पहिल्या झटक्यात चाललं. मेनू येतो, यूलाँच (फायली आणि डिस्क बघायचा प्रोग्रॅम) उघडतं, ओपीएल (सीडीशिवाय गेम चालवणारा प्रोग्रॅम) उघडतं.

डिस्क इथल्या एका कॉम्प्युटरवाल्याकडे दिली होती. त्याने ती एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीने) फॉरमॅट केली, त्यावर गेमच्या आयएसओ फायली (अख्ख्या सीडीची एका फाइलमधली प्रत) कॉपी केल्या आणि म्हणाला, "लावा, चालेल." पैसे रोख घेतले. घरी आणून लावली तर ओपीएलमध्ये हार्ड डिस्कचं पान कोरं. यूलाँचमध्ये एचडीडी मॅनेजर उघडला तर तिथे लिहून येतं, कनेक्टेड: नो. फॉरमॅटेड: नो. परत दुकानात गेलो तर तो म्हणतो मशीनच्या चिपचा प्रॉब्लेम असेल, चिप काढून आणा.

माझे प्रश्न: चिप खरंच आड येते का? की पॉवर कमी पडतोय? घरात जुन्या पीसीची ८० जीबीची मोठी डिस्क पण पडलीय, रुंद पट्टीची केबल लागते ती. ती लावून बघू का? आणि आपल्याकडचा उन्हाळा बघता आत डिस्क ठेवणं शहाणपणाचं आहे का?

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही बहिणी माहेरी येतात, भाचे कंपनी सोबत. पोरांना मी फोनवर सांगून बसलोय की मामाकडे मोठा गेम आहे. तेवढ्यात काही जमलं तर बरं.

तापीवरचा (भुसावळ)

दादा, एवढा उपद्व्याप कसाले? पुढे दोन यूएसबी आहेत ना, पेन ड्राइव्ह लावा आणि मोकळे व्हा. ओपीएल पेन ड्राइव्हवरूनही गेम चालवतं.

मांडेवाला (धुळे)

पेन ड्राइव्हवर कुस्तीचा गेम लावून बघा एकदा. पैलवान रिंगणात येईपर्यंत चहा होतो. एंट्रीचा व्हिडिओ तर असा अडखळतो की बघवत नाही.

पार्लरवाले काका (पारोळा)

वरच्या धुळेकरांचं बरोबर आहे, आणि त्याचं कारणही सांगून ठेवतो म्हणजे पुन्हा कोणी पेन ड्राइव्हचा सल्ला देणार नाही. पीएस२ची यूएसबी पहिल्या पिढीची आहे, १.१. कागदावर सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे फार तर सव्वा-दीड एमबी, आणि हातात पडतं त्याहून कमी. मशीनचा स्वतःचा डीव्हीडी ड्राइव्ह ४एक्सचा, तो सेकंदाला पाच एमबीच्या वर देतो. गेम बनवणाऱ्यांनी सगळा हिशेब त्या पाच एमबीवर धरलेला. मग यूएसबीवर व्हिडिओ अडखळणारच, त्यात पेन ड्राइव्हचा दोष नाही. शिवाय पेन ड्राइव्हच्या फॅट३२ फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, गेमचे तुकडे करावे लागतात. हार्ड डिस्क मात्र मागच्या खोबणीतून सरळ आयडीईच्या (डिस्कच्या जुन्या जोडणीच्या) वाटेने जाते, तिथे डीव्हीडीपेक्षा जास्त वेग मिळतो. कंपनीने ही खोबण ठेवलीच मुळी डिस्क आणि नेटवर्कसाठी. सोनीने स्वतः ४० जीबीची डिस्क विकलीय, जपानमध्ये २००१ साली आणि अमेरिकेत २००४ साली. म्हणजे आपण काही जगावेगळं करत नाही.

आता अमळनेरकर भाऊ, तुमच्याकडे वळतो.

आधी माझी ओळख. पारोळ्यात माझं गेम पार्लर होतं. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे, तेही माझंच. तेव्हा तासावर पैसे घ्यायचो आणि पोरं सीडी अशा हाताळायची की आठवड्यात ओरखडे. म्हणून चार मशीनमध्ये हार्ड डिस्क टाकल्या होत्या. तेव्हा ओपीएल नव्हतं, एचडी अ‍ॅडव्हान्सची सीडी घालून डिस्कवरचे गेम चालवायचे, आणि १३७ जीबीच्या पुढची डिस्क त्याला कळायचीच नाही. आता ओपीएल २ टीबीपर्यंत घेतं. तुमची ५०० जीबी काही अडचण नाही.

चिप काढू नका. चिपचं काम एवढंच, की सीडी खरी की कॉपी हे बघणाऱ्या चौकीदाराला गप्प बसवायचं. मागच्या खोबणीशी तिचा संबंध नाही. काही जुन्या चिपा फ्री एमसीबूटच्या आड येतात हे खरं, पण तुमचा मेनू येतोय, म्हणजे तुमची येत नाही. विषय संपला. जो माणूस डिस्क एनटीएफएस करून देतो त्याच्याकडे चिप काढायला मशीन देणार असाल तर माझ्याकडे विकून टाका, मी घेतो.

दुसरं. तुमच्या पडद्यावर दोन ओळी आहेत आणि दोन्हींचं दुखणं वेगळं आहे. एनटीएफएस केल्यामुळे "फॉरमॅटेड: नो" येईल. येणारच, पीएस२ला एनटीएफएसमधलं ओ की ठो कळत नाही. पण "कनेक्टेड: नो" एनटीएफएसमुळे येत नाही. कोरी डिस्क असो, खिडकीवाल्या पीसीची असो, जोडलेली असली तर "कनेक्टेड: येस" दिसलंच पाहिजे. म्हणजे तुमची डिस्क मशीनपर्यंत पोचतच नाहीये. आणि दुकानदाराने तिच्यावर फायली कॉपी केल्या, म्हणजे डिस्क जिवंत आहे. राहिलं काय? अडॅप्टर आणि त्याची बैठक.

मशीन चालू करा, यूलाँचमध्ये जा, एचडीडी मॅनेजर उघडता उघडता मशीनच्या मागच्या बाजूला कान लावा. अडीच इंची डिस्क फिरायला लागली की बारीक गुंजारव येतो, डोकं हललं की टिक होतं. आवाज येत असेल तर वीज पोचतेय, डेटा पोचत नाही. आवाजच नसेल तर अडॅप्टर खोबणीत नीट बसलेला नाही.

मग मागचं मुख्य बटण बंद, वायर काढा, आणि अडॅप्टर बाहेर घ्या. खोबणीच्या आत एक लांब बारीक कनेक्टर दिसेल. बरीच वर्षं उघडा असेल तर त्यात खान्देशची अर्धी माती बसलेली असणार. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मोबाइलवाल्याकडे मिळतं. पेट्रोल, थिनर असलं काही नको, प्लॅस्टिक खाईल. वाळू द्या पूर्ण.

अडॅप्टरला मागून दोन लांब स्क्रू असतात, रुपयाच्या नाण्याने फिरतात. गंमत अशी की हे स्क्रू नुसते धरून ठेवायला नाहीत, तेच अडॅप्टरला ओढून त्या लांब कनेक्टरमध्ये घुसवतात. एक बाजू आधी पूर्ण आवळली की अडॅप्टर तिरका होतो आणि दुसऱ्या बाजूच्या पिना हवेत. म्हणून थोडा हा, थोडा तो, असं आळीपाळीने. दोन्ही बाजूंची फट सारखी बुजली पाहिजे. नखाने तपासा.

आणि माझा खरा संशय वेगळाच आहे. ती खोबण साडेतीन इंची डिस्कच्या मापाची. तुमची अडीच इंची डिस्क त्यात नुसत्या साटाच्या कनेक्टरवर लटकतेय. पुढचं टोक खाली झुकतं, आत सरकवताना ते तळाला घासतं, आणि अडॅप्टर पूर्ण आत जातच नाही. तुम्हाला वाटतं स्क्रू बसला. डिस्कखाली काहीतरी सपाट, कडक आणि वीज न वाहणारं द्या. डिस्कच्या खालच्या हिरव्या पट्टीचा पत्र्याला स्पर्श होता कामा नये, एवढं सांभाळा. डिस्क कशाला तरी पक्की करायची झाली तर अडीच इंचीला एम३ चे बारीक स्क्रू लागतात, पीसीच्या डिस्कचे जाड स्क्रू तिच्यात फिरवू नका, आटे जातील.

८० जीबीवाली विसरा. ती आयडीईची, चाळीस पिनांची, तुमच्या साटा अडॅप्टरला लागणारच नाही. लागली असती तरी भरलेल्या डीव्हीडी सतरा बसल्या असत्या, बस. आणि ती तापते. मोठ्या डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते, छोटी फक्त ५ व्होल्टवर. माझ्या पार्लरला पत्र्याचं छत होतं, मे महिन्यात दुपारी मोठ्या डिस्कवाल्या मशीनच्या मागच्या कोपऱ्याला हात लावला की चटका बसायचा. डिस्कवाले साधारण ६० अंशांपर्यंत चालेल म्हणतात. पण बाहेरच ४५ असेल तर आत उरतं किती? अडीच इंची घातलीत हे चांगलं केलंत. त्याहून चांगली साधी स्वस्तातली एसएसडी. वेगासाठी नाही म्हणत, वेगात पीएस२ला फरक कळणार नाही. गरम कमी होते, फिरणारं काही नसतं, आणि वजनाला हलकी म्हणून लटकत नाही. मशीन टीव्हीच्या कपाटात कोंबू नका आणि मागच्या पंख्याची जाळी साफ ठेवा. तेवढ्यावर आपला उन्हाळा निघतो.

आधी "कनेक्टेड: येस" आणा. पुढचं नंतर सांगतो. फॉरमॅटची घाई करू नका.

केळीच्या बागेतून (रावेर)

काकांना एक विचारायचं. ओपीएलच्या नव्या बीटामध्ये आतल्या डिस्कवर एक्सफॅट (पीसीला वाचता येणारा फॉरमॅट) चालतं. डिस्क पीसीला लावायची, डीव्हीडी नावाचा फोल्डर करायचा, आयएसओ टाकायच्या, झालं. मग जुन्या पद्धतीने, पीएस२च्या स्वतःच्या आखणीत, फॉरमॅट करायचंच कशाला?

पार्लरवाले काका (पारोळा)

चालतं, आणि पीसीवरून रोज गेम टाकणाऱ्याला ते सोपं आहे. पण अमळनेरकरांचं घर म्हणजे एकदा भरली की वर्षभर कोणी उघडणार नाही असं दिसतंय. शिवाय जुन्या पद्धतीवर पुढेमागे फ्री एचडीबूट टाकता येतं, म्हणजे कार्डाशिवाय मशीन थेट डिस्कवरून उठतं. कार्ड भाच्यांच्या हातात पडून हरवलं की हे कामाला येतं. एक्सफॅटवर ती सोय नाही. ज्याचं त्याने बघावं.

बोरीकाठ (अमळनेर)

काका, आलं! कनेक्टेड: येस.

कान लावला तेव्हा आवाज नव्हताच. अडॅप्टर काढून टॉर्चने आत बघितलं तर खोबणीच्या तळाच्या पत्र्यावर सरळ एक ओरखडा, डिस्कच्या पुढच्या कोपऱ्याच्या रेषेत. म्हणजे तुमचा संशय अगदी बरोबर, डिस्क झुकून घासत होती आणि उजवीकडून अडॅप्टर नखभर बाहेर राहत होता. बाहेरून बघून कळतच नव्हतं. पुतण्याचा परीक्षेचा जुना पॅड होता, हार्डबोर्डचा, त्याच्या दोन पट्ट्या कापून डिस्कच्या मापाने दुहेरी चिकटटेपने खाली लावल्या. सरकवताना आता कुठे अडत नाही. स्क्रू आळीपाळीने आवळले. कनेक्टरमधून ब्रशने जी माती निघाली ती आईने बघितली आणि मलाच झाडायला लावली.

आता पडद्यावर कनेक्टेड: येस, फॉरमॅटेड: नो, साइज ४६५ जीबी. ५०० मधले ३५ गेले कुठे? ते सोडा. पुढे काय करू? दुकानदाराने टाकलेले गेम वाचवता येतील का?

मांडेवाला (धुळे)

३५ जीबी कुठे गेले नाहीत. डिस्क बनवणारा हजाराने भागतो, मशीन १०२४ ने भागतं.

पार्लरवाले काका (पारोळा)

व्हई जाई म्हटलं होतं ना. आता नीट वाचा, ह्याच टप्प्यावर लोक डिस्क पुसून बसतात.

दुकानदाराच्या फायली हव्या असतील तर आधी पीसीवर काढून घ्या, कारण फॉरमॅटमध्ये सगळं जाणार. आणि त्या फायली कुठल्या गेमच्या, धड आहेत की नाही, देव जाणे. माझं मत विचाराल तर त्या टाकून द्या. तुमच्याकडे काकांनी आणलेल्या खऱ्या डीव्हीडी असतीलच. मशीनची लेन्स गेली म्हणून सीडी गेली असं नाही. पीसीच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घाला, इमजीबर्नने आयएसओ करा. ओरखडे असतील तर ड्राइव्ह रडेल, पण सावकाश वाचेल. स्वतःच्या सीडीची प्रत आहे, मनाला टोचणी नाही आणि गेम धड असल्याची खात्री.

फॉरमॅट पीएस२मध्येच करा. यूलाँच, फाइल ब्राउझर, मिस्क, एचडीडी मॅनेजर, आर१ दाबून मेनू, त्यात फॉरमॅट. विचारेल खात्री आहे का, हो म्हणा. मिनिटभरात "फॉरमॅटेड: येस" येईल. पीसीवरच्या विनहिप नावाच्या जुन्या प्रोग्रॅममध्येही फॉरमॅटचं बटण आहे, पण मोठ्या डिस्कवर मी त्याच्यावर भरवसा ठेवत नाही. ज्या मशीनची डिस्क त्यानेच आखून घ्यावी.

मग डिस्क काढून पीसीला लावायची. ह्या वेळी विंडोज एक खिडकी उघडेल, की डिस्क ओळखता येत नाही, इनिशियलाइज करू का, किंवा फॉरमॅट करू का. कॅन्सल. प्रत्येक वेळी कॅन्सल. पीएस२ची आखणी वेगळी असते, एपीए म्हणतात, ती विंडोजला कळत नाही म्हणून ते डिस्क कोरी समजतं. ओके दाबलं की डिस्कच्या अगदी पहिल्या भागात विंडोज आपली पाटी लावतं, आणि नेमकी तिथेच पीएस२ची पाटी असते. गेम आत असतात पण मशीनला सापडत नाहीत. घरात दुसरं कोणी पीसी वापरत असेल तर त्या दिवशी त्याला बाहेर पाठवा.

शक्य असेल तर डिस्क पीसीच्या मदरबोर्डला सरळ साटा केबलने जोडा. यूएसबीच्या डब्यातून केलं तरी बहुतेक वेळा जमतं, पण काही डबे डिस्कचे सेक्टर ५१२ च्या ऐवजी ४०९६ बाइटचे दाखवतात आणि मग पीसीवर टाकलेलं पीएस२ला वाचता येत नाही. हे कळायला अर्धा दिवस जातो.

गेम चढवायला एचडीएल डंप, किंवा त्याच्यावर बटणं बसवलेला एचडीएल डंप हेल्पर. प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा नाहीतर डिस्क यादीत दिसणारच नाही. यादीतून डिस्क निवडताना साइज बघून निवडा. ४६५ जीबीची पीसीची डिस्कही असेल तर आधी डोळे पुसा. आयएसओ द्या, नाव लिहा, सीडी की डीव्हीडी ते सांगा. निळ्या बुडाची ती सीडी.

परत मशीनमध्ये लावा, ओपीएलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन हार्ड डिस्कचा स्टार्ट मोड ऑफ असतो तो ऑटो करा, आणि सेव्ह चेंजेस. हे सेव्ह करायचं लोक विसरतात आणि मग दर वेळी डिस्क गायब झाली म्हणून फोन करतात. बाहेर पडायला रिमोटवर एल१, एल२, आर१, आर२, स्टार्ट, सिलेक्ट एकदम. गेम बंद होऊन परत मेनूत येता.

आपल्या भागासाठी एक खास गोष्ट. ओपीएलमध्ये डिस्कवरच खोटं मेमरी कार्ड करायची सोय आहे, व्हीएमसी. पुण्या-मुंबईच्या पोरांना ती आवडते. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि शेताच्या फीडरवर घर असेल तर मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली-वर. गेम चालताना डिस्क फक्त वाचली जाते, तेव्हा लाइट गेली तर फारसं बिघडत नाही. पण व्हीएमसीवर सेव्ह चालू असताना गेली तर सेव्ह गेलं, कधी कधी डिस्कची आखणीही दुखावते. म्हणून सेव्ह खऱ्या ८ एमबीच्या कार्डावर घ्या. आणि मशीन बंद करताना मागचं बटण फटकन पाडू नका, ओपीएलमधून पॉवर ऑफ करा, नाहीतर पुढचं रीसेटचं बटण दाबून धरा. डिस्कचं डोकं जागेवर जाऊन बसतं.

तापीवरचा (भुसावळ)

काका, माझं स्लिम आहे, एससीपीएच-७७००४. पेन ड्राइव्हला आता कंटाळलो. त्यात ही डिस्क बसेल का?

पार्लरवाले काका (पारोळा)

स्लिमला ती खोबणच नाही. २००४ मध्ये पहिलं स्लिम आलं, ७०००० मालिका, त्याच्या बोर्डवर आयडीईच्या रेषा शिल्लक होत्या, लोक त्यावर बारीक वायरी डाग देऊन डिस्क बाहेर काढायचे. तुमच्या ७७ मध्ये तेही नाही. पण स्लिमला लॅन आहे. घरच्या राउटरला केबल लावा, पीसीवर एक फोल्डर शेअर करा, ओपीएल तिथून गेम ओढतं, यूएसबीपेक्षा कितीतरी बरं. पीसी चालू ठेवायचा नसेल तर एमएक्स४एसआयओ नावाचा छोटा अडॅप्टर मिळतो, मेमरी कार्डाच्या दुसऱ्या खोबणीत बसतो आणि त्यात एसडी कार्ड. डिस्कइतका वेगवान नाही, पण एंट्रीच्या व्हिडिओपुरता पेन ड्राइव्हपेक्षा चांगला. ९०००० मालिका असती आणि आतलं बायोस २.३० चं असतं तर फ्री एमसीबूटही चाललं नसतं, ओपनटूना वापरावं लागलं असतं. तुमच्यावर तो प्रसंग नाही.

बोरीकाठ (अमळनेर)

सगळं चढलं. विंडोजने खिडकी उघडली, मी कॅन्सल केली, त्याने परत उघडली, मी परत कॅन्सल केली. शेवटी पुतण्याला माउसला हात लावू दिला नाही. दुबईवाल्या काकांच्या डीव्हीडी बहुतेक वाचल्या. क्रिकेटच्या गेमच्या डीव्हीडीला मधोमध तडा होता, ती सोडून दिली.

एक अडचण राहिली. गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम सुरू होतो, कंपन्यांची नावं येतात, आणि पहिल्या व्हिडिओनंतर गोठतो. बाकी सगळे पळतात. आयएसओ दोनदा केली, तेच.

पार्लरवाले काका (पारोळा)

आयएसओ बरोबर असणार. काही गेम डीव्हीडीच्या सावकाश वेगावर बेतलेले असतात, डिस्कने पटकन दिलं की गडबडतात. ओपीएलच्या यादीत त्या गेमवर उभे राहा, गेम सेटिंग्ज उघडा, कंपॅटिबिलिटीमध्ये मोड १ चालू करा, अ‍ॅक्युरेट रीड्स. त्याच्याने नाही भागलं तर मोड ३. तिथेच खाली डीएमए मोड (डिस्कवरून डेटा ओढायचा वेग) असतो, तो यूडीएमए ४ वर असेल तर एक पायरी उतरवून बघा. बदल त्या गेमपुरता सेव्ह होतो, बाकीच्यांना धक्का नाही.

बोरीकाठ (अमळनेर)

मोड १ ने झालं. पुतण्या आत्ताच तिसऱ्या वळणावर भिंतीला धडकलाय. काका, मशीन उठताना दर वेळी तारीख-वेळ विचारतं, ते कशाने?

पार्लरवाले काका (पारोळा)

आत सीआर२०३२ चा सेल आहे, तो संपला. घड्याळवाल्याकडे मिळतो. पण त्यासाठी मशीन पूर्ण उघडावं लागतं आणि पट्टी-केबल फाटायची भीती. तारीख टाकत जा, आखाजीनंतर निवांत उघडा.